मेश्राम सरांची अट

आदरणीय यादवराव मेश्राम सरांची आणि माझी पहिली भेट जिल्हा फुटला त्या सुमाराची. गोंदिया वेगळा झाला, आणि भंडाऱ्याच्या वाट्याला आलेल्या मास्तरांत मी होतो. अड्याळजवळच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा सर तिथे विज्ञान शिकवत. त्यांनी मला पाणी दिले आणि विचारले, "गुरुजी, तुमाले रडता येते का?" मी गडबडलो. ते म्हणाले, "येत असंल तर रविवारी दुपारी प्रयोगशाळेत या. फिलिम आहे."

सरांचे ते चित्रपट मंडळ म्हणजे एक टीव्ही, एक सीडी प्लेअर आणि आम्ही पंधरा-वीस माणसे. मास्तर, नर्सबाई, किराणावाले, धानाची रोवणी आटोपली की शेतकरीही. चित्रपट नेहमी एकाच जातीचे: मनावर ओझे घेऊन जगणाऱ्या माणसांचे. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरे धावत आणि सर ती झाडीबोलीत सांगत. परदेशातल्या मडमा "मले काई सुचून नाई राहिलं" म्हणत, तेव्हा आम्ही आधी हसायचो आणि मग गप्प व्हायचो.

किराणावाल्यांनी एकदा तक्रार केली, "सर, रडाच्याच फिलिमा काहून दाखवता?" सर म्हणाले, "घरचं दुःख आपल्याले बोलता येत नाई. परद्यावरच्याचं तरी बोलू." शेवट यायच्या आधी ते चित्रपट थांबवत आणि प्रत्येकाला विचारत, "याले आता तुमी काय म्हणाल?" सगळ्यांची उत्तरे झाल्याशिवाय शेवट दाखवायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

आमच्या शाळेचे बाबू हेमराज बोरकर मागच्या स्टुलावर बसत. माणूस अबोल. घरी जाताना कार्यालयाचे कुलूप तीन-तीनदा ओढून पाहत, फाटकापर्यंत जाऊन परत येत. आम्ही शहाणे लोक त्यांची टर उडवायचो. "बाबू, कुलूप घरी घेऊन जा, उशाले ठेवा," हे वाक्य माझेच.

त्या रविवारचा चित्रपट धरणावरच्या एका चौकीदाराचा होता. दरवाजे नीट बंद नाहीत, पाणी गावात शिरेल, या भीतीने तो पुन्हा पुन्हा उठतो, आणि बायको-मुले त्याला कंटाळतात. सरांनी तिथे थांबवले. कोणी म्हणाले दवाखान्यात न्या, कोणी म्हणाले समजावून सांगा. बोरकर बाबू पहिल्यांदाच उभे राहून बोलले, "कुलूप लागलं आहे म्हणून सांगून फायदा नाई. एकदा कोनी त्याच्यासंगं जाऊन पाहा. तो एकटा पाहून राहिला, म्हणून त्याले भेव लागते."

सर उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. "वा, बाबू! चित्रपट तुमालेच समजला!" मग आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबू लाजले. माणूस पडद्यावरच्याबद्दल बोलत नव्हता, हे पंधरा-वीस जणांत एकालाही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सरांकडे दिला. "तुमच्यापाशी राहू द्या." सरांना वाटले, रजेवर चालले असतील. मंगळवारी बाबू लाखांदूरच्या एसटीत बसले. ते आजपर्यंत परतलेले नाहीत.

सरांनी मंडळ बंद केले. फोटो घेऊन ते लाखांदूरच्या स्टँडवर कितीतरी वर्षे जात राहिले. चहावाले त्यांना पाहून आधीच मान हलवत. बाबूंच्या पत्नी कुंदाताई यांच्याबरोबर कचेऱ्यांचे उंबरठे सरांनीच झिजवले. बाबूंच्या मुलीला घरी बसवून गणित शिकवले. एकदा सरांनी कुंदाताईंची माफी मागितली. मी सोबत होतो. त्या म्हणाल्या, "सर, तुमी टाळी वाजवली, त्या दिवशी ते घरी हसत आले. पोटभर जेवले. म्हणून तं आमीबी काई विचारलं नाई." कुंदाताईंनी हे धीर द्यायला सांगितले होते. सर तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाला सरांनी चार वेळा नकार दिला. शेवटी एका अटीवर मानले: समारंभात कोणीही टाळी वाजवायची नाही. वाचकांनीही ती पाळावी, ही विनंती.

गौरवलेखात शेवटी प्रकृती ठणठणीत आहे असे लिहायचे असते. मला खोटे लिहवत नाही. गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी, मी शाळेवरून जात होतो. निवृत्त होऊन इतकी वर्षे झालेले सर प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते आणि कुलूप ओढत होते. फाटकापर्यंत आले, परत गेले, पुन्हा ओढले. मी जवळ जाऊन म्हणालो, "सर, लागलं आहे कुलूप."

सरांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, बाबूनं काय सांगितलं होतं?"

इतक्या वर्षांनी मी पुन्हा तीच चूक केली होती, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याशीच केली होती. सर एकटेच निघून गेले.

सर, आपणास उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. या शुभेच्छेने आपला भार हलका होईल असे मला वाटत नाही. बाबू परत येतील असेही आता वाटत नाही. पण येत्या रविवारी दुपारी मी फाटकाशी उभा असेन, आणि त्याच्या पुढच्याही. काही समजावून सांगणार नाही. आपण दोघे जाऊन कुलूप पाहून येऊ.