तपासणीआधी धुतलेला ओढा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलीय. त्या सकाळी तेलगावच्या फाट्यावर एसटीतून उतरले, रिक्षा भरायची वाट बघवेना, तशीच माहेरच्या वाटेने चालत सुटले. पिशवीत पांढरा ट्रे, चहाची गाळणी, रंगाचा ब्रश आणि भिंग. मी तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. छोटा ओढा तपासायला याहून जास्त काही लागत नाही.

गावच्या ओढ्याचं खोलीकरण ठरलं होतं. वरपासून खालपर्यंत पोकलेन घालून सरळ चर काढायचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार? मी मागत होते फक्त करंजांच्या सावलीतला शंभर पावलांचा तुकडा. तिथला दगड उलटला की खाली तीन शेपट्यांचे चपटे किडे सैरावैरा पळायचे. वाळूच्या कणांचं घर अंगावर घेतलेल्या अळ्या दगडाला चिकटलेल्या असायच्या. हे जीव घाण पाण्यात टिकत नाहीत. ते आहेत म्हणजे ओढा धडधाकट आहे, आणि यंत्र फिरून गेल्यावर खालच्या पाण्यात जीव आला असता तो इथूनच. सरपंच फोनवर म्हणाले होते, "ताई, ग्रामसभेत समद्यांला दावा. पाणी जितं हाय असं दिसलं, तर तेवढा तुकडा सोडू." सभा त्याच दिवशी अकराला होती.

पहिला दगड उलटला. काही नाही. दुसरा, पाचवा, बारावा. आधी मी माझ्या डोळ्यांना दोष दिला, मग भिंगाला. गाळणी तळाशी फिरवून ट्रेत उपडी केली, तर चारदोन पांढुरके जीव पाण्यावर तरंगायला लागले. ब्रशने ढोसलं, हलले नाहीत. मग वास आला, दवाखान्याच्या फरशीला येतो तसा.

एवढ्यात माझा धाकटा चुलतभाऊ काठावर आला. तो ग्रामपंचायतीचा पाणीवाला. नळ सोडणं, टाकीत ब्लिचिंग पावडर टाकणं हे त्याचं काम. हातात माझ्यासाठी चहाची किटली, चेहरा खुललेला.

"आक्का, कसा चकाचक केलाय बग! तू तपासायला येणार म्हून काल दोन पोते पावडर टाकली. एक किडा घावला तर नाव बदलीन."

मी भडकलेच. "अक्कल गहाण टाकलीस का? ते किडेच मोजायला आले होते मी!"

त्याने किटली खाली ठेवली. "किडं मोजायला कोण येतं, आक्का? मागं टाकीची तपासणी झालती, तवा पाण्यात अळी घावली. मला नोटीस. आणखी एकदा घावली तर घरी बसायचं, असं लिहून घेतलंय माझ्याकून. म्हून म्या..."

माझ्या तोंडात आणखी बरंच आलं होतं, ते गिळलं. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती, तेव्हा दुसऱ्या कॉलेजातल्या नमुन्यांच्या बरण्या उसन्या आणून त्यांवर आमच्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. तपासणी म्हटली की धुऊनपुसून उभं राहायचं, हे मलाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि याला मी फोनवर सांगितलं काय, तर 'ओढा तपासायला येतेय'. काय तपासणार, कशासाठी, हे सांगायला मला फुरसत कुठे होती! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ती माझी गत.

अकरा वाजले. मारुतीच्या देवळापुढे लोक जमले होते. सरपंचांनी विचारलं, "काय घावलं, ताई?"

मी उभी राहिले. कालपर्यंत ओढा जिवंत होता, हे सांगायचं होतं. पण मग काल काय झालं, हे कुणीतरी विचारलंच असतं, आणि सगळ्या माना भावाकडे वळल्या असत्या. तो खांबाला टेकून माझ्याकडेच बघत होता. मला कधी एकदा खाली बसते असं झालं होतं.

"आज काही सापडलं नाही," मी म्हणाले.

सरपंचांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे एकदम साफ पाणी! तपासून घेतलंय बरं का, उगं न्हाई." टाळ्या झाल्या. शाल-नारळ आणूनच ठेवलं होतं, त्याने माझा सत्कार झाला. आणि जितं काही निघालंच नाही, तेव्हा तुकडा कावून सोडायचा, असं म्हणून अख्ख्या ओढ्याचा ठराव हात वर करून पास झाला. भाऊ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्याला वाचवलं असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. मला मात्र अंगावरची शाल ओरबाडून काढावीशी वाटत होती.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, तरी मी तीनदा उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बसा की." पावडरचा असर ओसरला की आसपासच्या शिवारांतून हेच किडे पंख फुटून उडत येतात, पाण्यात अंडी घालतात. महिना-दीड महिन्यात दगडाखाली पुन्हा हालचाल दिसते. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. सभेत एवढंच म्हणायचं होतं, 'मला दीड महिना द्या, मी पुन्हा तपासते.' त्या वाक्यात कुणाचंही नाव येत नव्हतं. ते मला धारूरच्या घाटात सुचलं, आणि त्याच गुरुवारी पोकलेन आलं.