माझे व्याही आणि चौकोनी जाळं

सगळ्या इंदुरात समुद्राची काळजी करणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. समुद्र इथून शेकडो मैल लांब. इथे राहून माणसाने नळाच्या पाण्याची काळजी करावी, ट्रॅफिकची करावी. आमचे व्याही काळजी करतात पापलेटच्या पोरांची. सगळी नोकरी कोकणात मत्स्यखात्यात केली, बोटींवर चढून जाळी मोजली, बोटवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे तुकोगंजला राहायला आले. नोकरी तिकडेच संपली, मोजायची सवय मात्र सोबत आली.

लग्नाच्या याद्या करायला बसलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी घासाघिशीवर मोठा झालेला माणूस. मानपान, हॉल, आहेर, एकेक कलम लढायचं म्हणून कंबर कसून गेलो होतो. या गृहस्थांनी सगळ्याला मान डोलावली आणि शेवटी एकच अट घातली, "दुसऱ्या दिवशीच्या जेवणात पापलेट ठेवणार असाल, तर वीतभर तरी हवं. त्याहून लहान मी पानात घेणार नाही." लढायला कोणी समोरच नाही, याचा मला त्या दिवशी फार राग आला. थोडा अजून आहे.

बाजारात बर्फातली मासळी घ्यायला जातात तेव्हा खिशात स्टीलची फूटपट्टी असते. एकदा मी बरोबर होतो. सुरमई उचलली, नाकापासून शेपटीपर्यंत पट्टी लावली आणि परत ठेवली. मासळीवाला म्हणाला, "बाबूजी, मछली लेनी है कि सूट सिलवाना है?" व्याही शांतपणे म्हणाले, "इसने अभी एक बार भी अंडे नहीं दिए, भिया. तुम इसका पूरा खानदान बेच रहे हो." जून-जुलै हा माशांचा विणीचा हंगाम, तिकडे बोटी बंद असतात, म्हणून तुकोगंजच्या त्या फ्लॅटमध्येही मासे बंद. माझी मुलगी सांगते, फ्रीजरमध्ये मेमध्ये आणलेली कोळंबी असली तरी बंद.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझी पोलोग्राउंडला जाळी विणायची फॅक्टरी आहे. दुसऱ्याच्या मशीनवर धागा भरत भरत मी स्वतःच्या चार मशीनपर्यंत आलो. क्रिकेटची जाळी, कबुतरांची जाळी आणि किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्यासाठी मासेमारीची. मागच्या वर्षी त्याने आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर दिली. बोट ओढते त्या जाळ्याच्या शेपटाला जी पिशवी असते, तिच्यासाठी अगदी बारीक जाळी. व्याही सहज म्हणून फॅक्टरीत आले, मशीनवरच्या जाळीत करंगळी घालून बघितली. ती गेली नाही.

"यातून काय सुटणार?" त्यांनी विचारलं.

"व्याहीजी, जाळं पकडण्यासाठी असतं," मी म्हटलं.

ते निघून गेले. दोन दिवसांनी सांवेरकडच्या एका कोंबडीवाल्याकडून सुक्या बारीक मासळीचं अर्धं पोतं घेऊन आले आणि माझ्या ऑफिसच्या टेबलावर, नव्या काचेवर, ओतलं. वास असा की माझा विणकाम बघणारा मास्तर मशीन बंद करून बाहेर जाऊन उभा राहिला. मग हजेरी घेतल्यासारखे एकेक बाजूला ठेवत गेले. "ही पापलेटची पोर. हा सुरमईचा. ही मुशी. ही माकूळ. जातात कोळंबीसाठी आणि हे सगळं वर येतं. निम्मं मेलेलं परत समुद्रात टाकतात, उरलेलं कोंबड्या खातात."

माझं डोकं सणकलं. मासळीचा मला पुळका नव्हता. पण वर्षभर थांबलं तर ताटभर होणारा माल आज मूठभर करून कोंबड्यांना घालायचा, असा घाट्याचा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच रागात व्यापाऱ्याला फोन लावला आणि बारीक जाळी देणार नाही म्हणून सांगितलं. तो हसला आणि ऑर्डर दुसरीकडे घेऊन गेला. दोन मशीनं थंड पडली. घरी बायको म्हणाली, "हौस तुमच्या व्याह्यांची आणि फॅक्टरी आपली."

व्याह्यांना अपराधी वाटलं असेल म्हणता? छे. ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फॅक्टरीत हजर. साधी जाळी ओढली की तिचे आस, म्हणजे भोकं, मिटतात. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडे राहतात आणि पोरं निसटतात, हे त्यांनी मास्तरला आठ दिवस शिकवलं. पिशवी तयार झाली. आता ती कोणीतरी बोटीला बांधायला हवी होती, नाहीतर ती थंड मशीनं मी भंगारात काढणार होतो. व्याह्यांनी ओळखीच्या सगळ्या बोटवाल्यांना फोन केले. एकच तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, 'या' म्हणाला. आणि व्याह्यांचा गुडघा तेव्हाच धरला. म्हणून समुद्र कधी न पाहिलेला मी निघालो.

धक्क्यावर भेटल्याबरोबर तांडेल म्हणाला, "तुमच्या व्याह्यांनी माझ्या बापाचं जाळं जप्त केलं होतं."

"मग तुला माहीत आहेच. तो माणूस सोडत नाही. एक फेरी बांध. पटलं नाही तर जाळं फुकट ठेव." फुकट हा शब्द मी धंद्यात पहिल्यांदा उच्चारला.

बोटीवर मी बहुतेक वेळ ओकत होतो. पिशवी वर आली, फळ्यांवर रिकामी झाली. ढीग लहान होता. तांडेलाने पायाने चाळवला. "कमी आहे," तो म्हणाला. मग खाली बसला, हाताने बघितलं. "पण निवडायला काहीच नाही यात. सगळी कोळंबी." खलाशी माझ्याकडे बघत होते. मी भाव करायच्या तयारीत होतो, पण तो एवढंच म्हणाला, "राहू दे. हा महिना बांधून बघतो."

धक्क्यावर उतरल्याबरोबर इंदूरला व्याह्यांना फोन लावला. महिनाभर म्हणाला, मी सांगितलं. मशीन विकत नाही, अजून दहा बोटवाले गाठतो, बघतोच कसे नाही म्हणतात ते. ते सगळं ऐकून घेत होते. मग विचारलं, "सुटलेली पोरं दिसली का हो?"

"व्याहीजी, पाण्याखालचं काय दिसणार?"

"हो, तेही खरं," ते म्हणाले. "इतकी वर्षं बोटींवर काढली, मलाही कधी दिसली नाहीत."

मी धक्क्याच्या कडेशी जाऊन खाली पाण्यात बघितलं. फोन कानाला तसाच होता.