आधी आपण तुकडा मोडायचा

बायको जाऊन वर्ष होत आलं. तिच्या मागं दोन गोष्टी उरल्या. एक मी आणि दुसरं भाकरीचं काम. माझं काय व्हायचं ते होऊ दे, कामाचं लिहितो.

मी मूळचा रहिमतपूरचा. गिरणीत लागलो म्हणून माधवनगरला आलो आणि इथंच राहिलो. आमचं लग्न नवं होतं तेव्हा तिचा बाप सांगलीच्या एका दवाखान्यात पडून होता. ती व्हरांड्यात मुक्कामाला. एक माणूस रोज यायचा, उभ्या उभ्या सगळ्यांच्या हातात पाव ठेवायचा आणि चालता व्हायचा. ती मला म्हणाली, "खाल्ला मी पाव. पण भिंतीकडं तोंड करून खाल्ला."

बाप घरी आला आणि हिनं गल्लीत घरोघर भाकरी मागायला सुरुवात केली. जैनांच्या घरची बिनकांद्याची भाजी वेगळ्या डब्यात घ्यायची. टोपली एसटीत घालून दुपारी दवाखान्याच्या आवारात न्यायची. पुढं आणखी बायका आल्या, मंडळ झालं. लोक आम्हाला भाकरीवाले म्हणायचे. नियम तिचा एकच होता. नेणाऱ्यानं पेशंटच्या माणसांबरोबर मातीत बसायचं, आधी आपण तुकडा मोडायचा, मग त्यांनी. एकदा एक पुढारी पांढऱ्या विजारीत आला आणि उभा राहूनच भाकरी वाटायला लागला. ही म्हणाली, "सायब, विजार धुता येती. बसा खाली." बसला बिचारा.

ती गेल्यावर तिच्या बहिणीचा मुलगा पुढं झाला. आमच्याच घरात राहून शिकलेला पोरगा, पुण्यात नोकरी करून आलेला. म्हणाला, भाकरीवाले म्हटल्यावर मोठ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत. नवं नाव पाहिजे, चिन्ह पाहिजे, सगळ्यांना एका रंगाचे कपडे पाहिजेत. नाव इंग्रजी निघालं, माझी जीभ त्याला अजून वळत नाही. मारुतीच्या देवळात बैठक झाली.  सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"बसून जेवायचं ऱ्हाणार का?" मी विचारलं.

"काका, त्येच तर आपलं मेन हाय. पाटी तेवढी बदलतीया. मावशीचं काम हाय तसंच."

मी व्हय म्हटलं. मग बायकांनीही व्हय म्हटलं.

त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी बरेच दिवस घरातच. बरा झालो त्या दिवशी टोपली घेऊन निघालो, तर शेजारीण दारातनंच म्हणाली, "आवं, आता भाकऱ्या कुठं न्हेत्यात? खोक्यात जेवण येतंय बाहेरनं." बघू तरी म्हणून सांगलीला गेलो. सवयीनं आवारात लोकांच्या ओळीत बसलो. शेजारी औंधकडची एक बाई होती, तिचा नवरा आत होता. गाडी आली. एका रंगाच्या बनियनीतली पोरं उतरली आणि उभ्यानं खोकी वाटायला लागली. एका पोरीनं माझ्या हातात खोकं दिलं आणि मोबाईल धरला.

"आजोबा, जरा वर धरा की. इकडं बघा. हसा थोडं!"

"पोरी, मी तुमच्यातलाच हाय."

"व्हय व्हय, आपण सगळे एकच!" म्हणाली आणि काढला फोटो. मग औंधच्या बाईकडं वळली. बाईनं पदर तोंडावर घेतला. गाडी गेल्यावर ती भिंतीकडं तोंड करून जेवली. मला ते खोकं उघडवेना.

चारआठ दिवसांत माझा तो फोटो चौकातल्या मोठ्या बोर्डावर लागला. डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात खोकं, खाली ते इंग्रजी नाव. गिरणीतला जुना दोस्त हसून म्हणाला, "गड्या, एवढी भूक लागली हुती तर माझ्याकडं यायचं हुतंस रं!" मी हसलो नाही.

तिच्या बहिणीच्या पोराला घरी बोलावलं.

"काका, फोटो लय चालला. तुमच्यामुळं मदत वाढली."

"फोटू मरू दे. तू तिथं खाली कवा बसलास?"

"बसत बसलो तर पुढच्या दवाखान्यात कवा पोचायचं? मावशीच्या वक्ताला टोपलीभर माणसं हुती. आता किती जण जेवत्यात बघा की."

जेवतात, ते खोटं नाही. म्हणून मी दुसरंच विचारलं. "मग देवळात मला व्हय का म्हणालास?"

 तो मोबाईलकडं बघतच म्हणाला, "तुमी न्हाई म्हणला असता तर बायकांनी ऐकलं नसतं."

म्हणजे खाली बसणं बंद होणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. माझ्या तोंडातनं व्हय काढून घेतलं ते तिच्या नावावर. ज्या पोराला तिनं ताटात घेऊन जेवू घातलं, त्यानं.

आता मी घरी भाकऱ्या थापतो. कडा फाटतात, भाकरी करपते. फडक्यात बांधून एसटीनं सांगलीला जातो. परवा आवारात बसलो तर एकजण म्हणाला, "आजोबा, करपलीया की."

"करपलीया. मी बी तीच खातोय."

हसला आणि बसला. तेवढ्यात त्यांची गाडी आली. पोरगा उतरला, मला बघून थबकला. "काका, उनात कशाला बसताय?"  मी सरकून जागा केली, पण त्याच्यासाठी नाही. त्याच्या मागं एक बाई बंद खोकं हातात धरून कोपरा शोधत होती. तिला म्हटलं, "बस गं पोरी इथं." आणि आधी मी तुकडा मोडला.