आईची त्रेसष्ट गाणी आणि फाटकाचा कॅमेरा

घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं एका जागी ठेवणारा डबा घ्यायचा ठरला, तेव्हा मी दीड महिना तुलना करत बसलो होतो. डबा वायफायला जोडायचा, मग घरातल्या प्रत्येक फोनला तो सामाईक कपाटासारखा वापरता येतो. शेवटी दोन डिस्कचा घेतला. प्रत्येक डिस्क चार टीबीची. पण जे ठेवाल ते दोन्हींवर एकदम उमटतं, म्हणून वापरायला जागा चारच. एक जळाली तरी दुसरी चालू राहते. वसई पूर्वेचा दुकानदार म्हणाला, "काका, आता बॅकअपचं टेन्शनच विसरा." हे वाक्य खोटं होतं. त्याला ते ठाऊक असणार, आणि माहितीपुस्तिका दोनदा वाचलेल्या मलाही कळायला हवं होतं.

डबा घेतला तो आईच्या गाण्यांसाठी. ती गेली त्याआधीच्या वर्षात मी फोनवर तिची लग्नातली गाणी चित्रित केली होती. आमच्या घरच्या बोलीतली, वाडीत दुसऱ्या कुणालाच पुरती न येणारी. त्रेसष्ट गाणी, एक्क्याण्णव जीबी. डब्यात टाकली, एकेक उघडून तपासली आणि भरलेल्या फोनमधून पुसली.

धाकट्या भावाचं घर आमच्याच वाडीत. विहीर एक, मोटर एक. त्याने आपल्या वाट्याची केळी काढून लग्नाचं लॉन केलं आहे. मी सुचवलं, दोन घरांना दोन पासवर्ड आणि निम्मी-निम्मी जागा. तो जेवता जेवता थांबला.

"दादा, विहिरीला कधी कुलूप लावलंस का? मग या डबड्याला कशाला?"

"विहिरीत पाणी परत भरतं."

"झाला सुरू आमचा तलाठी!"

सगळे हसले, माझी बायकोही. मी माघार घेतली. एकच पासवर्ड, सगळ्यांना सगळे हक्क. त्याच जेवणात मी त्याला समजावलं की यात प्रत्येक गोष्ट दोनदा राहते.

पुसलेल्या फायली काही दिवस राखणारी कचरापेटी या डब्यात असते. ती जागा खाते म्हणून मीच बंद केली होती. ती चूक माझी. त्याच्या नावावर घालत नाही.

पावसाळ्यात त्याने लॉनच्या फाटकावरचा कॅमेरा डब्याला जोडला. मला विचारलं नाही. दिवसाला वीस जीबी. गणपतीनंतर मी आईचा फोल्डर उघडायला गेलो, तर तो नव्हताच. तसाच त्याच्या घरी गेलो.

"आईची गाणी कुठायत?"

"जागा संपली होती रे. एक कॉपी उडवली." तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "दुसरी असेल ना तुझ्या त्या दुसऱ्या डिस्कवर."

"दोन्हीकडून जातं ते! एकदम!"

"मग दोनदा राहतं असं कशाला सांगितलंस?"

मी डब्यात काय शिल्लक आहे ते बघितलं. पावसाळाभर लॉन बंद होतं. त्या बंद फाटकाचं तीन महिन्यांचं चित्रण शाबूत होतं, एक पूर्णांक आठ टीबी; बाकीची जागा दोन्ही घरांच्या फोटो-व्हिडिओंनी आधीच भरलेली. कुत्री, पाऊस, फाटक.

सातिवलीच्या एका गाळ्यात पुसलेला डेटा काढून देणारा माणूस आहे. दोन्ही डिस्क घेऊन गेलो. त्याने आठवडाभर ठेवून सांगितलं, पुसल्यानंतर कॅमेरा चालू राहिला, रिकाम्या झालेल्या जागेवर नवं चित्रण बसलं. त्रेसष्टांतली एकोणीस गाणी निघाली, त्यातली सहा अर्धवट.

आता ती गाणी ठेवलेला माझा एक वेगळा डबा आहे आणि पासवर्ड फक्त मला माहीत आहे. भावाने डिसेंबरात एकदा फोन केला. मुलीचं लग्न ठरलं होतं, हळदीला लावायला गाणी हवी होती.

"नाही देणार," मी म्हटलं.

"आई माझीही होती."

"कॅमेऱ्यात बघ, सापडते का."

बायको म्हणाली, शिक्षा पोरीला कशाला? हळदीच्या दिवशी सकाळी एकोणीस गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून खिशात मात्र टाकली.

मांडवात आमच्या आत्याने हळदीचं गाणं सुरू केलं. वय ब्याऐंशी. दोन ओळी झाल्या, तिसरी तिला आठवेना. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडली. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते गाणं एकोणिसांत होतं, पूर्ण. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. मागत नव्हता, नुसता बघत होता. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. मग कुणीतरी डीजेला खूण केली आणि हिंदी गाणं लागलं. पेन ड्राइव्ह मी घरी येऊन परत कपाटात ठेवला.