उजवीकडचा पोल आणि कविताची व्हायवा

आमच्या स्टाफरूममध्ये कॉफीला चार डोकी जमली की किस्से आपोआप निघतात. सिलॅबस बदलत नाही, पोरं बदलतात, मग दुसरं काय होणार! चेन्नईजवळ, तांबरमच्या पुढचं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी मूळची नांदेडची, शिकवते सिग्नल्स अँड सिस्टिम्स. शेजारच्या टेबलावर राव सर, तंजावरकडचे मराठी. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि तमिळमध्ये संपतं.

सरांचा सगळा जीव लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये. समीकरण सोडवायचं आणि त्याचे पोल आलेखावर फुल्या मारून दाखवायचे. सगळ्या फुल्या उभ्या रेषेच्या डावीकडे आल्या तर आपली रोजची सिस्टिम स्टेबल. एक जरी उजवीकडे गेली, तर आउटपुट वाढतच जाणार.

ॲन्युअल डेला पाहुण्यांचा माईक किंचाळायला लागला. राव सर पहिल्या रांगेतून आनंदाने ओरडले, "बघा, अनस्टेबल!" पाहुण्यांनी भाषण तिथेच आटोपलं.

कविता ही आमची लाडकी डोकेदुखी. परीक्षेत तिने उजवीकडचा पोल सरळ डावीकडे काढला. का, असं विचारल्यावर म्हणते, "सर, तिकडे जागा रिकामी होती."

पुढच्या वेळी पोल जागेवर होते, पण उत्तर काय? 'स्टेबल, पण नॉन-कॉझल.' कागदावर हे गणित बसतंही. फक्त नॉन-कॉझल म्हणजे इनपुट यायच्या आधीच आउटपुट तयार, आणि प्रश्न होता टेबलावरच्या ॲम्प्लिफायरचा!

"म्हणजे मी उद्या बोलणार, ते हा आजच ऐकवणार का मा?" सरांनी विचारलं.

"पण सर, बिघडणार तर नाही ना," कविता म्हणाली.

विषय राहिला. इथे त्याला अरियर म्हणतात. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका कंपनीत तिची नोकरी ठरली होती, पण अरियर सुटल्याशिवाय ते रुजू करून घेणार नव्हते. आता सगळं लॅबच्या व्हायवावर, म्हणजे तोंडी परीक्षेवर, अडलं होतं. त्या दिवशी मीही लॅबमध्ये राव सरांशेजारी जाऊन बसले.

बाहेरून आलेले परीक्षक जेवून आले. कविता दारात उभी असतानाच ते राव सरांना म्हणाले, "अरियरवाल्यांना काय विचारायचं? मी पेन्सिलने मार्क भरूनही टाकलेत. फेल." मग तिला समोर बसवून म्हणाले, "नॉन-कॉझल सिस्टिमचं एखादं उदाहरण दे."

कविता शांतपणे म्हणाली, "सर, ही व्हायवा."

राव सरांना एकदम खोकला आला. परीक्षकांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, खोडरबर आहे का?"