काकूची पेन्शन अन् माझे केस

आधी चहा घ्या. आणि एक करा, माझ्या डोक्याकडं बघणं बंद करा. सांगतो ना. सांगायला लाज वाटते, पण मी नाही सांगितलं तर तुम्ही दुसऱ्याकडून ऐकणार आणि तो तिखटमीठ लावून सांगणार. एवढा शहाणा माणूस मी, नांदेडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, आणि माझ्या हातून असा घोळ झाला की अख्खी भावकी जीपा करून लातूरला रडायला आली.

त्याचं असं झालं. लातूरला माझी पारूकाकू राहते. माझी आई मी अगदी लहान असताना गेली, तेव्हापासून काकूनंच मला वाढवलं. काका तेलगिरणीत कामाला होते. येताना डब्यात करडईचं तेल आणायचे आणि काकू ते रोज सकाळी माझ्या टाळूवर थापायची. पन्नाशी उलटली तरी माझे केस टिकले ते त्या तेलावर. पुढं गिरणी बंद पडली, काकांनी पानटपरी टाकली, आणि मागच्या वर्षी काका गेले.

काका गेल्यावर संतोषनं, म्हणजे काकूच्या मुलानं, धोशा लावला. तो पुण्याला असतो. "आई, चल माझ्याकडं. इथं तुझं कोण बघणार? कशावर भागणार?" काकूला तर जायचं नव्हतं. संतोषचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. ती मला फोनवर म्हणाली, "खाली बघितलं की पाय लटलट कापतेत बघ. आन चहा करताना दोनदा इचार करावा लागतंय. सून चांगली हाय, पर साखर तिची हाय."

अशात तिला कुणीतरी सांगितलं की गिरणीत दहा वर्षांच्या वर नोकरी केलेल्यांना पेन्शन असते, आणि माणूस गेला तर ती बायकोला मिळते. काकांनी कधी अर्जच केला नव्हता, त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. संतोष म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत पेन्शनचा पत्ता लागला तर राहा लातूरला. नाही लागला तर बॅग भर." झालं. काकूचं घर त्या पेन्शनवर टांगलं. आणि पेन्शन शोधायचं काम कुणाकडं? माझ्याकडं. खानदानातला शिकलेला मी.

पीएफच्या ऑफिसात गेलो. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "सर, गिरणीचा नंबर लागतो. ती गिरणी दोनदा विकली गेली, नावं बदलली. काकांसोबत कामाला असलेला एखादा माणूस शोधा, ज्याला पेन्शन चालू आहे. त्याच्या कागदावर तो नंबर असतो. नंबर आणा, पुढचं मी बघतो."

आता असा माणूस कुठं शोधायचा? मला वाटलं, त्यात काय, आपला ग्रुप आहे की.

आमच्या भावकीचा मोबाईलवर ग्रुप आहे. उमरी, अर्धापूर, लातूर, जिथं जिथं सोयरे पसरलेत ते सगळे त्यात. आणि त्या ग्रुपवर माझा मान आहे. कुणी गेलं की दुःखद बातमीचा मजकूर मी लिहितो. लोक म्हणतात, मरावं तर सरांच्या हयातीत मरावं, मजकूर झकास पडतो. सांगायचा मुद्दा, हाताला वळण पडलेलं. तर त्या दिवशी सकाळी मी काकांचा फोटो शोधायला बसलो. एकच सापडला, स्टुडिओतला. काकू खुर्चीवर बसलेली, काका मागं उभे. तो टाकला आणि खाली लिहायला घेतलं, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या काकांनी आयुष्यभर तेलगिरणीत घाम गाळूनही त्यांची पेन्शन आजतागायत मिळालेली नाही…" आणि पुढं पानभर. गिरणीचं वर्णन, काकांचा स्वभाव, काकूची अडचण, माझा नंबर, आणि शेवटी, "हा संदेश सर्वदूर पोचवावा, ही नम्र विनंती."

वाचून माझं मलाच भरून आलं. फोन चार्जिंगला लावला, घराला कुलूप घातलं आणि कटिंगला गेलो. बायको माहेरी गेलेली, अर्धापूरला.

कटिंग अर्धी झाली असेल नसेल, शेजारचा नामदेव धापा टाकत दुकानात शिरला.

"सर, तुम्ही इथं बसलाव? लई वाईट झालं. लातूरच्या काकू गेल्या म्हणं."

"कोण काकू?"

"पारूकाकू. आत्ताच आलंय मोबाईलवर. मला सासरवाडीहून आलं."

त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. माझा चष्मा आरशाखाली काढून ठेवलेला. मला धूसर दिसलं ते एवढंच, काकूचा फोटो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. नामदेव वाचत होता, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. आता एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?

हसा तुम्ही. मी त्या खुर्चीतच हमसून हमसून रडलो.

नामदेव म्हणाला, "लातूरची गाडी लागून राहिली असंल. चला, मी सोडतो." मी उठलो, तर आरशात एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. कटिंगवाला हात धरून म्हणाला, "असं कसं मातीला जाता, सर? लोकं काय म्हणतील? आन पुरी कटिंग करायला तर टाईम लागंल. त्यापरीस मशीन फिरवून टाकतो. तसंबी केस द्यावेच लागतेत की."

"ते दहाव्याला देतात रे."

"दहाव्याला लई गर्दी असती, सर."

खरं सांगू का, मला ते पटलं. आईच्या वेळी मी एवढासा होतो, मला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. म्हटलं, हिच्यासाठी तरी देऊ. मशीन फिरली आणि करडईच्या तेलावर पोसलेलं सगळं पीक खाली आलं.

फोन आणायला घरी जावं तर गाडी चुकते. आणि फोन घेऊन करायचं तरी काय, जिला लावायचा तीच गेली. लोहा आलं, अहमदपूर आलं, चाकूर आलं, मी आपला रडतोय. कंडक्टरनं माझं डोकं बघितलं आणि काही न विचारता मला खिडकीची जागा करून दिली.

काकूच्या दारात पोचलो तर ही गर्दी. तीन जीपा उभ्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायकांनी घरून भाकरी बांधून आणलेल्या, पिठल्याचे डबे भिंतीला रांगेनं मांडलेले. आणि घराला कुलूप. शेजारच्या घरालाही कुलूप.

"माती व्हायची हाय का झाली?" मी विचारलं.

"बॉडी दवाखान्यात असंल. शेजारीबी संगं गेले असतील," एक जण म्हणाला.

"कोणत्या दवाखान्यात?"

"ते आम्हाला काय ठाव? आम्ही तुमचीच वाट बघून राहिलो."

मी म्हटलं, संतोषला माहीत असेल. आम्ही सगळे संतोषची वाट बघत बसलो. अधूनमधून कुलूपबंद घरात काकूचा फोन वाजायचा, आणि तो वाजला की बायकांना नव्यानं रडू यायचं. चार वाजून गेले तेव्हा संतोष पुण्याहून गाडी हाणत आला. उतरला आणि त्यानं मलाच विचारलं, "दादा, आई कुठाय?"

म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. पण त्या वेळी डोकं कुणाचं चालतंय? संतोष पायरीवर बसला आणि माझ्या खांद्यावर पडून रडायला लागला. "माझंच चुकलं, दादा. तिला इथंच राहायचं होतं. मी पुणं पुणं करून तिच्या जिवाला घोर लावला." मी त्याला धरून ठेवलं. मला तरी दुसरं काय सुचणार होतं?

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक रिक्षा आली आणि दारात थांबली. त्यातून आधी शेजारीण उतरली. तिच्यामागून ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हातात आहेराची पिशवी घेतलेली पारूकाकू उतरली.

औशाला लग्न होतं. फोन गर्दीत हरवतो म्हणून ती घरीच ठेवून गेली होती.

काकूनं दारातली गर्दी बघितली. भाकरीचे डबे बघितले. मग माझं डोकं बघितलं. हातातली पिशवी तिनं खाली टाकली, तिथंच धुळीत बसली आणि गळा काढला.

"अगं माय गं, कोन गेलं रे?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

काकू रडतेय म्हटल्यावर मागच्या बायकांनीही सूर लावला. संतोषनं पळत जाऊन तिला मिठी मारली. तिनं त्याला चाचपून बघितलं. "तू हाईस. सून हाय का? लेकरं बरी हायत का?"

"सगळे बरे आहेत, आई."

मग ती माझ्याकडं वळली. "आन तू रे? कोनाला केस दिलास? तुझे मायबाप तर कवाच गेले. आता कोन राहिलंय तुला केस द्यायाचं?"

"तू," मी म्हणालो.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो, तर तिनं माझ्या गुळगुळीत टाळूवरून हात फिरवला, लहानपणी तेल लावताना फिरवायची तसा. नांदेडपासून रडत आलो होतो, पण खरं रडू मला तिथं आलं.

रडणं ओसरलं आणि मग मला राग आला. असा तसा नाही, मास्तरी राग. मी ओट्यावर चढलो. "जिवंत बाईला मारणारा हा नालायक कोण आहे? आत्ताच्या आत्ता शोधा. भावकीतून काढून टाकू त्याला." लोकांनी माना डोलावल्या, फोन बाहेर निघाले. कुणाला मेसेज सासऱ्याकडून आलेला, सासऱ्याला साडूकडून. संतोष आपल्या फोनवर मागं मागं जात राहिला आणि एकदम थांबला.

"दादा, जाऊ द्या आता."

"जाऊ कसं द्या? नाव वाच त्याचं मोठ्यानं."

"तुमचंच आहे."

मी चष्मा लावला. फोटो उभा, त्यामुळं मोबाईलनं वरून काकांना कापलेलं आणि दिसत होती ती नुसती खुर्चीतली काकू. खाली "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," एवढंच, आणि त्याच्यापुढं "अधिक वाचा". अधिक कुणीही वाचलं नव्हतं. सगळ्यात पहिली श्रद्धांजली कुणाची होती, तेही सांगून टाकतो. माझ्या बायकोची. लग्न झाल्यापासून तिनं माझं लिहिलेलं पूर्ण वाचलेलं नाही.

सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. काकू म्हणाली, "आता पुरं वाच की. काय काय लिवलंस ते तरी कळू दे." मी ओट्यावर उभा राहून ते पानभर वाचलं. गिरणी, घाम, पेन्शन, नम्र विनंती, सगळं. वाचून झालं तसा गर्दीच्या मागून एक म्हातारा पुढं आला. काकूनं त्याला ओळखलं. रज्जाकभाई, काकांच्या गिरणीत बॉयलरवर होता.

"भाभी, म्या तर तुमच्या मिट्टीला आलो हुतो," तो म्हणाला. "पोरानं निस्ता फोटो दाखविला. पेन्शनचं हाय म्हणून कुनी सांगितलंच न्हाई. मला येती की गिरणीची पेन्शन. कागद घरी हाय."

बघा आता. पेन्शनच्या कामाला बोलावलं होतं तर एक माणूस आला नाही, आणि मातीला न बोलावता तीन जीपा आल्या.

काकूनं कुलूप काढलं. "आलाच हाव तर जेवून जावा. पिठलं गार व्हायलंय." अख्खी भावकी अंगणात बसली आणि काकू स्वतःच्या मातीची भाकर पंक्तीत बसून जेवली. वर म्हणाली, पिठल्यात मीठ कमी हाय. संतोष घास हातात धरून त्या गर्दीकडं बघत होता. हळूच मला म्हणाला, "दादा, पुण्यात मी गेलो तर लिफ्टपर्यंत तरी कुणी येईल का, शंका आहे. राहू द्या तिला इथं. पेन्शन आली तर आली."

पेन्शन आली. रज्जाकभाईच्या कागदावरून नंबर मिळाला आणि साहेबानं काका शोधून काढले. सगळे कागद तपासून झाल्यावर तो जरा घुटमळला. "सर, एक विचारू का? काकू हयात आहेत ना? नाही म्हणजे, माझ्याकडं एक मेसेज आला होता." मी काकूला तशीच त्याच्यासमोर उभी केली. दिवाळीच्या आधी पहिले पैसे जमा झाले.

त्या पैशातून काकूनं पहिली गोष्ट काय घेतली असेल? करडईच्या तेलाचा डबा. एसटीनं मला नांदेडला पाठवला आणि फोनवर म्हणाली, "रोज टाळूवर जिरव. आन आता मी खरंच गेल्यावर केस देऊ नको. तुझे मला जितेपणीच पोचले."

आता पेन्शन दर महिन्याला येते. मीही रोज सकाळी तेल थापतोय. पण पेन्शन आली तशी केसांची काही अजून यायची लक्षणं नाहीत, त्यामुळं काकूचा शब्द पाळायला मला काही अडचण दिसत नाही.