मलिहाबादच्या बागेत अण्णा

आई गेल्यानंतर अण्णांना, माझ्या वडिलांना, मी लखनौला घेऊन आले. तासगावकडची द्राक्षबाग माझ्या भावाच्या हवाली करून ते आले खरे, पण वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचा जीव रमेना. नवरा रेल्वेत, त्याची ड्यूटी कधीही. मुलीला त्यांचं मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. अण्णा बाल्कनीतल्या तुळशीची रोज इतकी छाटणी करायचे की तिला पानंच उरेनात. शेवटी एप्रिलमधल्या एका सकाळी मी फील्डवर निघाले, तर अण्णा चपला घालून दारात उभे.

"मी येतो तुज्यासंगं. तुजे शेतकरी तरी बघू."

मी एका संस्थेत फील्ड सुपरवायझर आहे. लखनौबाहेरच्या मलिहाबादकडच्या छोट्या आंबा बागायतदारांसोबत काम करते. कुणाची पंधरा झाडं, कुणाची तीस. त्या वर्षी कैऱ्यांना कागदी पिशव्या बांधायचं काम होतं. पिशवीतल्या दशहरी आंब्यावर डाग पडत नाही, फळमाशी बसत नाही, बाजारात तो वेगळा दिसतो. पण गावात एकट्यानं कुणी हे करत नाही, म्हणून आम्ही गट बांधत होतो. त्या गटात दोन भाऊ होते. त्यांच्या बागा एकमेकींना लागून, मधे फक्त बांध. वडिलांच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यांना एका सतरंजीवर बसवायला मला अख्खा हिवाळा लागला होता. बसायचे तेही दोन टोकांना.

अण्णांना हे सगळं मी गाडीत सांगितलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. "किती वाढवल्यात झाडं," एवढंच म्हणाले. "ह्यास्नी कात्री ठावं न्हाई."

थोरल्या भावाच्या बागेत आम्ही उतरलो. त्यांनी खाट टाकली, गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं, अण्णांना वाकून सलाम केला. मी पलीकडच्या झाडांखाली बायकांना पिशवी बांधून दाखवायला गेले. मागून अण्णांचा आवाज येत होता. ते मराठीत बोलत होते, आणि थोरले भाऊ प्रत्येक वाक्याला मान तुकवून म्हणत होते, "जी. जी, बिल्कुल. जी हाँ."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की अण्णांना कुणीतरी ऐकणारं भेटलं.

मग फांदी पडल्याचा आवाज आला.

आमच्या गाडीतली लांब दांड्याची करवत अण्णांच्या हातात होती. बांधावरच्या जुन्या झाडाची एक जाडजूड फांदी खाली आडवी झाली होती, सुपारीएवढ्या टिकोऱ्यांनी, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांनी, लगडलेली. अण्णा घाम पुसत समाधानानं म्हणाले, "खालच्या दोन रोपांवर सावली धरून बसलीती. त्याला इचारलं मी. हो म्हणाला त्यो."

थोरला भाऊ चहा सांगायला घरात गेला होता; परत आला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती फांदी बांधापलीकडे, धाकट्याच्या बागेवर झुकलेली होती. झाड थोरल्याचं, पण त्या फांदीचे आंबे धाकट्याच्या घरी जायचे. वाटणीच्या वेळी वडिलांनी तोंडी सांगितलेलं, आणि इतक्या वर्षांच्या अबोल्यात दोन्ही घरांनी न मोडलेलं असं ते एकच होतं.

धाकटा भाऊ धावत आला. त्याच्यामागे त्याची बायको. तिनं खाली बसून टिकोरे ओढणीत गोळा करायला सुरुवात केली, जणू ते परत लावता येतील.

"किसने काटी?" धाकट्यानं विचारलं. इतक्या वर्षांनी तो भावाशी बोलला, ते हे.

थोरल्यानं एकदा अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या हातातली करवत त्यानं हळूच आपल्या हातात घेतली. "मैंने कटवाई," तो म्हणाला.

बायका पिशव्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.  मी पुढं होऊन म्हटलं, "नहीं भैया, हमारे पिताजी से गलती हुई है. इनको पता नहीं था."

"मैडम, आप बीच में मत पड़िए," धाकटा म्हणाला. "कटवाई इन्होंने ही है, मेहमान तो बहाना हैं. मैं इनको जानता हूँ."

तेव्हा मी अण्णांकडे वळले आणि हिंदीत बोलले. त्यांच्याशी मी आयुष्यात कधी हिंदीत बोलले नव्हते. "आपसे किसने कहा था हाथ लगाने को? कल से आप घर पे ही बैठिए." ते वाक्य अण्णांसाठी नव्हतंच. ते गावासाठी होतं. सगळ्यांना ऐकू जावं, सगळ्यांना कळावं, की हा अडाणीपणा माझा नव्हे, मी तुमच्या बाजूची आहे. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग जाऊन गाडीत बसले.

परतताना शहराच्या तोंडाशी दुबग्गा आलं. मग मीच त्यांना सगळं सांगितलं. फांदी कुणाची, आंबे कुणाचे, आणि थोरल्यानं त्यांची चूक कशी आपल्या अंगावर घेतली.

"मग त्यो हो का म्हणाला?"

"अण्णा, इथं वडीलधाऱ्या माणसाला जी म्हणायचं असतं. त्याला तुमचं एक अक्षरही कळलं नव्हतं."

त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "आन तू मला काय म्हणालीस तिथं?"

"काही नाही."

"घर पे बैठिए. एवढं कळतं मला."

दुसऱ्या दिवशी चिनहटच्या ऑफिसात माझी मीटिंग होती. मधेच धाकट्या भावाचा फोन आला. आवाज अवघडलेला. "मैडम, आपके पिताजी हमारे यहाँ बैठे हैं. पानी भी नहीं पी रहे. आप आ जाइए, हमें अच्छा नहीं लग रहा."

हिंदीचं धड एक वाक्य न येणारा माणूस शहराच्या या टोकाहून मलिहाबादला कसा पोहोचला, मला आजही नीट माहीत नाही. मुलीनं पाटीएवढ्या अक्षरात गावाचं नाव लिहून दिलं होतं म्हणे, आणि अण्णा ते प्रत्येक टेम्पोवाल्याला दाखवत गेले. मी गाडी काढली. वाटेत काळजी वाटायला हवी होती. मला वाटत होती ती लाजच. आता तिथं काय करून ठेवलं असेल? ऑफिसात कळलं तर?

धाकट्याच्या अंगणात अण्णा खाटेवर नाही, जमिनीवर बसले होते. दोन्ही कान हातांनी धरलेले. पुढ्यात घरून आणलेल्या बेदाण्यांची पिशवी. धाकटा बिचारा समोर उभा, त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात. शेजारपाजारचे भिंतीवरून बघत होते. मला वाटलं, दंडाला धरून उठवावं आणि न्यावं.

"अण्णा, चला आता. झालं."

"न्हाई झालं. ह्येला माजं कळंना. हातानं करवत करून दावली, छातीवर बोट ठिवलं, तरी ह्यो नुसता हात जोडतोय. तू सांग आता. जसंच्या तसं सांग. ग्वाड करू नगंस."

मी सांगू लागले. ते एक वाक्य बोलायचे, मी ते हिंदीत करायचे. "फांदी मी कापली. तुज्या भावाला कळलं न्हाई मी काय इचारतोय. मला कळलं न्हाई त्यो का हो म्हणतोय. माज्या बागेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला बांधावरनं ढकलला असता. तुज्या भावानं माजी अब्रू राखली. त्यापायी तुमचं वाकडं नगं."

 धाकटा खाली बघत होता. त्याच्या बायकोनंच आधी हालचाल केली. ती बांधापर्यंत गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "दादा, ज़रा आइए."

थोरला आला, पण बांधापाशी थांबला. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. धाकटा मला म्हणाला, "मैडम, इनसे कहिए, आकर बैठ जाएँ."

थोरला मला म्हणाला, "इनसे कहिए, पूरे पेड़ में से जो डाल चाहें, ले लें."

एकच भाषा बोलणाऱ्या त्या दोघांमधे मी निरोप पोहोचवत उभी होते. थोरला शेवटी अंगणात आला आणि खाटेच्या कडेवर टेकला. तेव्हा अण्णांनी कान सोडले आणि पाणी प्यायले. बेदाणे वाटले. धाकट्याच्या बायकोनं ते चाखून विचारलं, हे कशाचे, आणि मी सांगितल्यावर "अच्छा, किशमिश!" म्हणून हसली. यापेक्षा जास्त काही झालं नाही. भाऊ त्या दिवशी आपसात बोलले नाहीत.

जूनमधे आंबे उतरले तेव्हा धाकट्यानं कुठलीच फांदी निवडली नव्हती. त्याची बायको मात्र टोपली घेऊन त्या झाडाखाली गेली, आणि थोरल्यानं स्वतः वर चढून तिला आंबे काढून दिले. गटातली दुसरी दोन घरं त्या भांडणानंतर बाहेर पडली, ती परत आली नाहीत. पिशव्या त्या वर्षी ठरवल्या त्यापेक्षा कमीच बांधल्या गेल्या. ऑफिसात मी कारण हवामानाचं सांगितलं.

थोरले भाऊ मला भेटले की आधी विचारतात, "बाबूजी कैसे हैं?" मी घरी येऊन सांगते. अण्णा नुसती मान हलवतात. पावसाळ्यानंतर मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "चला की माझ्याबरोबर, ते आठवण काढतात."

"नगं," ते म्हणाले. "तुज्या कामाची जागा हाय ती."

ते खरंच रुसले होते की मला मोकळं करत होते, मी विचारलं नाही. मी पुन्हा आग्रहही केला नाही. गाडीची किल्ली घेऊन जिना उतरताना मला हलकं वाटलं, आणि तळमजल्यावर पोहोचेपर्यंत त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की मी थोडा वेळ गाडी सुरूच केली नाही. मग उशीर होत होता, म्हणून केली.